विकत घेतलेले गाणे प्लेअरवर वाजत नाही तेव्हा काय करावे : नवख्यांसाठी मार्गदर्शक

रीतसर पैसे मोजून घेतलेले गाणे एका संगणकावर वाजते आणि दुसऱ्यावर वाजत नाही, किंवा संगणकावर नीट वाजणारे गाणे खिशातल्या प्लेअरवर कॉपी केले की त्याचे नावसुद्धा दिसत नाही, ही तक्रार आजही अनेक घरांत ऐकू येते. विशेषतः २००३ ते २००९ या काळात अमेरिकेत किंवा युरोपात राहून ऑनलाइन दुकानांतून गाणी घेतलेल्या मराठी कुटुंबांच्या जुन्या हार्ड डिस्कवर अशी शेकडो गाणी पडून असतात. ती आता मुलाच्या नव्या संगणकावर, गाडीच्या स्टीरिओवर किंवा आईसाठी आणलेल्या छोट्या प्लेअरवर ऐकायची असतात, आणि तिथे गाडे अडते. ज्यांनी आजवर फाइलचे प्रकार, कुलूप, परवाना यांचा कधी विचार केलेला नाही, त्यांनी या कामाला कुठून सुरुवात करावी आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे, हे या लेखात सांगितले आहे.

आरंभीच एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. गाणे न वाजण्याची कारणे तीन असतात आणि त्या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिले कारण म्हणजे फाइलला लावलेले कुलूप, ज्याला तांत्रिक भाषेत डीआरएम म्हणतात. यात गाणे सांकेतिक रूपात बंद असते आणि दुकानाने दिलेली किल्ली, म्हणजे परवाना, त्या यंत्रावर असेल तरच ते उघडते. दुसरे कारण म्हणजे फॉरमॅट. फाइलला कुलूप नसते, पण ती ज्या पद्धतीने साठवली आहे ती पद्धत त्या प्लेअरला कळत नाही. तिसरे कारण म्हणजे फाइल प्लेअरपर्यंत चुकीच्या मार्गाने पोहोचलेली असते. या तिन्हींची गल्लत झाल्यामुळे लोक कुलूप नसलेल्या फाइलसाठी कुलूप काढणारे सॉफ्टवेअर शोधतात, किंवा कुलूपबंद फाइल पुन्हा पुन्हा कन्व्हर्ट करण्यात सगळी संध्याकाळ घालवतात.

कुलूप आले कुठून

ॲपलचे आयट्यून्स म्युझिक स्टोअर २८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेत सुरू झाले. एका गाण्याची किंमत ९९ सेंट होती, गाणे १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट; हा आकडा जितका मोठा तितका आवाजाचा तपशील जास्त) एएसी फॉरमॅटमध्ये मिळे आणि त्याला फेअरप्ले नावाचे कुलूप असे. सुरुवातीला असे गाणे तीन संगणकांवर वाजवता येत असे, २००४ मध्ये ही मर्यादा पाच झाली. खिशातला प्लेअर मात्र ॲपलचा आयपॉडच लागे, कारण ॲपलने हे कुलूप उघडण्याची सोय इतर प्लेअर बनवणाऱ्यांना दिली नाही. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये 'प्लेज फॉर शुअर' ही खूण आणली. तिच्यामागची कल्पना अशी होती की खूण असलेल्या दुकानातले, मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूएमए फॉरमॅटमधले कुलूपबंद गाणे खूण असलेल्या कोणत्याही कंपनीच्या प्लेअरवर वाजावे. क्रिएटिव्ह, आयरिव्हर, सॅनडिस्क अशा कंपन्यांचे प्लेअर या गोटात होते. ही गाणी आयपॉडवर वाजत नसत आणि आयट्यून्सची गाणी या प्लेअरांवर वाजत नसत. सोनीचा तिसराच मार्ग होता. २००४ मध्ये उघडलेल्या तिच्या कनेक्ट या दुकानातली गाणी एट्रॅक फॉरमॅटमध्ये असत आणि ती ऐकण्यासाठी सोनीचाच वॉकमन व सोनीचेच सोनिकस्टेज हे सॉफ्टवेअर लागे.

या भिंती ओलांडण्याचे प्रयत्न झाले. ऑनलाइन गाणी विकणाऱ्या रिअलनेटवर्क्स कंपनीने जुलै २००४ मध्ये हार्मनी हे तंत्र आणून आपल्या दुकानातली गाणी आयपॉडवर वाजण्याची सोय केली. त्याच वर्षअखेरीस ॲपलने आयपॉडचे अंतर्गत सॉफ्टवेअर बदलले आणि नव्या आयपॉडवर ती गाणी वाजेनाशी झाली. याहून विलक्षण गोष्ट २००६ मध्ये घडली. मायक्रोसॉफ्टने झून हा स्वतःचा प्लेअर बाजारात आणला आणि त्यावर मायक्रोसॉफ्टच्याच 'प्लेज फॉर शुअर' खुणेची गाणी वाजत नव्हती. ज्यांनी त्या खुणेवर विश्वास ठेवून दोन वर्षे गाणी जमवली होती, त्यांच्यावर हा सरळ अन्याय होता असे माझे स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारी २००७ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्र लिहून गाण्यांवरची कुलपे काढावीत अशी भूमिका मांडली. त्याच वर्षी मे महिन्यात ईएमआय या ध्वनिमुद्रिका कंपनीची गाणी आयट्यून्सवर कुलपाविना आणि २५६ केबीपीएसच्या दर्जात मिळू लागली, सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने कुलूप नसलेल्या एमपी३ची विक्री सुरू केली, आणि २००९ च्या वसंतापर्यंत आयट्यून्सवरच्या सगळ्या गाण्यांचे कुलूप निघाले. या तारखा लक्षात ठेवण्याचा व्यावहारिक उपयोग आहे. तुमच्या हातातले गाणे आयट्यून्सवरून २००९ च्या मध्यानंतर विकत घेतलेले असेल, तर त्याला कुलूप असण्याचे कारण नाही आणि अडचण दुसरीकडे शोधायला हवी. त्याआधीचे असेल, तर कुलपाची शक्यता धरूनच चालावे.

पायरी पहिली : फाइल ओळखा

सर्वप्रथम फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसेल अशी व्यवस्था करावी. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' या मेनूत ही सोय आहे. एक्स्टेन्शन एमपी३, फ्लॅक, वेव्ह किंवा ऑग असेल, तर या दुकानांचे कुलूप त्या फाइलला नाही. एम४ए असेल तरीही कुलूप नाही; ही एएसीची खुली फाइल आहे, आणि केवळ आयट्यून्सशी संबंध आहे म्हणून ती कुलूपबंद असणार, हा समज चुकीचा आहे. एम४पी असेल तर मात्र कुलूप नक्की आहे. ओएमए किंवा ओएमजी हे सोनीच्या फाइलचे शेपूट असून त्यात कुलूप बहुधा असतेच, कारण सुरुवातीच्या सोनी सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या सीडीवरून उतरवलेल्या गाण्यालाही कुलूप लागे आणि ते प्लेअरवर मोजक्याच वेळा पाठवता येत असे.

डब्ल्यूएमएच्या बाबतीत नुसत्या शेपटावरून काही कळत नाही, कारण कुलूपबंद आणि खुली अशा दोन्ही फाइलींना तेच शेपूट असते. अशा फाइलवर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि 'डिटेल्स' या भागात 'प्रोटेक्टेड' या शब्दापुढे होय आहे की नाही, ते पाहावे. आयट्यून्स या ॲपलच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांच्या यादीत 'काइंड' (प्रकार) हा रकाना दाखवण्याची सोय आहे. तो रकाना सुरू करून त्यावर क्लिक केले की सर्व गाणी प्रकारानुसार लागतात. 'प्रोटेक्टेड एएसी' म्हणजे जुने, विकत घेतलेले, कुलूपबंद गाणे. 'पर्चेस्ड एएसी' म्हणजे विकत घेतलेले पण कुलूप नसलेले गाणे. आणि 'ॲपल म्युझिक एएसी' म्हणजे मासिक वर्गणीवर उतरवलेले गाणे, जे आपल्या मालकीचे नाही आणि ज्याला पुढे सांगितलेले उपाय लागू होत नाहीत. हजारो गाण्यांचा संग्रह असला तरी ही वर्गवारी काही मिनिटांत होते, आणि ती झाल्याशिवाय पुढच्या कोणत्याही कामाला हात घालू नये.

पायरी दुसरी : कुलूप नसेल तर फॉरमॅट बदला

कुलूप नाही असे ठरले की काम सोपे असते. प्लेअरच्या माहितीपत्रकात तो कोणते फॉरमॅट वाजवतो ते पाहावे आणि त्यानुसार कन्व्हर्टर वापरून फाइल बदलावी. फूबार२०००, फ्री-एसी, व्हीएलसी यांसारखी विनामूल्य सॉफ्टवेअर हे काम करतात. आयट्यून्समध्येही एमपी३ तयार करण्याची सोय आहे. जवळपास प्रत्येक प्लेअरवर, गाडीच्या स्टीरिओवर आणि कारवाँसारख्या यंत्राच्या यूएसबी खाचेतही एमपी३ चालतो, म्हणून काय निवडावे हे सुचत नसेल तर एमपी३च निवडावा. या फॉरमॅटचा परवाना देणारा फ्राउनहोफर संस्थेचा कार्यक्रमही २०१७ मध्ये संपुष्टात आला, त्यामुळे त्याच्यावर आता कोणाची मालकी हक्काची अडवणूक उरलेली नाही.

येथे दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. फाइलच्या नावातले शेपूट हाताने बदलून फॉरमॅट बदलत नाही. एम४एच्या जागी एमपी३ असे टाइप केले तर फाइल आतून तशीच राहते आणि प्लेअर आणखी गोंधळतो. दुसरे असे की एमपी३, एएसी, डब्ल्यूएमए हे सगळे फॉरमॅट आवाजातला काही तपशील कायमचा गाळून फाइल लहान करतात, आणि एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेताना प्रत्येक वेळी आणखी थोडा तपशील जातो. तानपुऱ्याची आस, सतारीच्या तरफा, भजनातल्या टाळांची झणक अशा ठिकाणी हे नुकसान आधी जाणवते. म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये; प्लेअरसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये बदललेली प्रत करावी आणि पुढे कधी तिसरा फॉरमॅट हवा झाला, तर तो पुन्हा मुळावरूनच करावा.

पायरी तिसरी : आयट्यून्सची कुलूपबंद गाणी

एम४पी फाइलींसाठी सगळ्यात आधी ज्या ॲपल खात्यावरून गाणी घेतली, ते खाते हाती आहे का ते पाहावे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा ईमेल पत्ता बंद झालेला असतो, पासवर्ड आठवत नसतो, आणि खातेदार कदाचित हयातही नसतो. खाते परत मिळवणे हेच या संपूर्ण कामातले सर्वांत वेळखाऊ, पण सर्वांत मोलाचे काम आहे, म्हणून त्यात घाई करू नये. कोणत्या ईमेल पत्त्यावरून खरेदी झाली हे आयट्यून्समध्ये त्या गाण्याच्या माहितीच्या खिडकीत लिहिलेले असते.

खाते मिळाले की संगणकावर आयट्यून्स, किंवा मॅकवर म्युझिक हे ॲप, उघडून त्या खात्याने प्रवेश करावा आणि 'अकाउंट' मेनूतल्या 'ऑथरायझेशन्स' या भागात जाऊन त्या संगणकाला परवानगी द्यावी. पाच संगणकांची मर्यादा आधीच भरली असेल, तर खात्याच्या माहितीच्या पानावर सर्व संगणकांची परवानगी एकदम रद्द करण्याचे बटण असते. ते वर्षातून एकदाच वापरता येते. परवानगी मिळाल्यावर गाणी या संगणकावर वाजू लागतील, पण कुलूप तसेच असेल.

आता कुलूप नसलेली प्रत मिळवण्याचे मार्ग पाहू. पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तेच गाणे दुकानातून पुन्हा उतरवणे. जुनी एम४पी फाइल आधी दुसऱ्या हार्ड डिस्कवर सुरक्षित ठेवावी, मग आयट्यून्सच्या संग्रहातून ती काढावी, आणि स्टोअरमधल्या 'पर्चेस्ड' या यादीतून गाणे पुन्हा डाउनलोड करावे. ते गाणे दुकानात अजून उपलब्ध असेल, तर बहुतेक वेळा ते २५६ केबीपीएसच्या दर्जात आणि कुलपाविना येते. म्हणजे मूळ खरेदीपेक्षा चांगले गाणे हाती पडते आणि पैसे लागत नाहीत. एकदोन गाण्यांवर हे करून पाहावे आणि 'काइंड' रकान्यात 'पर्चेस्ड' असे दिसले की बाकीच्यांना हात लावावा.

अमेरिकेतून भारतात परतलेल्यांनी एक खबरदारी घ्यावी. ॲपल खात्याला देश जोडलेला असतो आणि खाते भारताचे करून घेतले की अमेरिकेतल्या दुकानातली जुनी खरेदी पुन्हा उतरवता येईलच असे नाही. आयट्यून्स स्टोअर भारतात डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाले आणि दोन्हीकडची गाण्यांची यादी सारखी नाही. म्हणून देश बदलण्यापूर्वी सगळी गाणी उतरवून, उघडून, वाजवून पाहावीत.

काही गाणी दुकानातून काढून टाकलेली असतात, कारण कंपनी बदलते किंवा करार संपतो. अशा गाण्यांसाठी आयट्यून्स मॅच ही वार्षिक वर्गणीची सेवा उपयोगी पडू शकते. अमेरिकेत २०११ मध्ये ती २४.९९ डॉलरला सुरू झाली. संग्रहातले गाणे दुकानातल्या गाण्याशी जुळले, तर त्याची कुलूप नसलेली प्रत उतरवता येते, आणि वर्गणी संपली तरी उतरवलेली प्रत राहते. पाचदहा गाण्यांसाठी मी हा खर्च सुचवणार नाही; संग्रह मोठा असेल तरच तो परवडतो.

शेवटचा मार्ग ऑडिओ सीडीचा. हा मार्ग दुकानाने स्वतःच ठेवलेला होता, म्हणून त्याबद्दल मनात शंका बाळगण्याचे कारण नाही. कुलूपबंद गाण्यांची एक प्लेलिस्ट करावी, एकूण वेळ ८० मिनिटांच्या आत ठेवावा, कोरी सीडी-आर घालावी आणि प्लेलिस्ट सीडीवर लिहिताना, म्हणजे बर्न करताना, 'ऑडिओ सीडी' हाच पर्याय निवडावा; 'एमपी३ सीडी' निवडल्यास कुलूपबंद गाणी जाणार नाहीत. कुलूपबंद गाणी असलेली तीच प्लेलिस्ट सात वेळांपर्यंतच बर्न करता येते, अर्थात आपल्याला एकदाच करायची आहे. मग तीच सीडी संगणकात घालून गाणी परत उतरवावीत. सीडी पुन्हा पुन्हा वापरायची असेल तर पुसून परत लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू घ्यावी. हल्लीच्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, तेव्हा यूएसबीने जोडण्याचा ड्राइव्ह उसना आणला तरी काम भागते.

सीडीवरून उतरवताना कोणता फॉरमॅट निवडावा, यावर थोडा विचार करावा. मूळ गाणे १२८ केबीपीएसचे म्हणजे आधीच बरेच गाळलेले आहे. सीडीवर गेल्याने हरवलेला तपशील परत येत नाही. त्यातून पुन्हा एमपी३ केला, तर दुसऱ्यांदा गाळणी होते. साठवणुकीची प्रत फ्लॅक किंवा ॲपल लॉसलेस या न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये करावी, म्हणजे नुकसान तिथेच थांबते. जागा जास्त लागते: पाच मिनिटांचे मूळ गाणे सुमारे पाच एमबीचे असेल, तर फ्लॅक पंचवीस-तीस एमबीची होऊ शकते. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने हा भार किरकोळ आहे. प्लेअरसाठी त्यावरून एमपी३ करावा आणि त्याचा बिटरेट, म्हणजे केबीपीएसचा आकडा, १९२ च्या खाली नेऊ नये.

पायरी चौथी : डब्ल्यूएमए आणि सोनीची गाणी

या गाण्यांची स्थिती अधिक बिकट आहे, कारण किल्ल्या देणारी दुकानेच उरलेली नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन म्युझिक या दुकानाने एप्रिल २००८ मध्ये ग्राहकांना कळवले की ऑगस्टअखेर किल्ल्या देणारे सर्व्हर बंद होतील आणि त्यानंतर नव्या संगणकावर गाण्यांना परवानगी मिळणार नाही. आरडाओरड झाल्यावर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली गेली. याहूने आपल्या गाण्यांच्या दुकानाचे सर्व्हर ३० सप्टेंबर २००८ रोजी बंद करण्याचे जाहीर केले आणि नंतर ग्राहकांना भरपाई देऊ केली. वॉलमार्टनेही त्याच सुमारास अशीच सूचना काढून पुढे ती लांबणीवर टाकली. सोनीचे कनेक्ट २००८ मध्ये बंद झाले. या सर्वांनी ग्राहकांना दिलेला सल्ला एकच होता: गाणी सीडीवर बर्न करून ठेवा.

म्हणून असा संग्रह हाती आल्यास पहिला प्रश्न हा विचारावा की ज्या संगणकावर गाणी मुळात घेतली, तो संगणक अजून घरात आहे का आणि सुरू होतो का. होत असेल, तर त्यावर विंडोज नव्याने टाकू नये, ते अपडेट करू नये, हार्ड डिस्क फॉरमॅट करून पुसू नये. कारण परवाने त्याच विंडोजमध्ये आहेत आणि ते गेले की गाणी गेली. फाइल कॉपी केल्याने परवाना कॉपी होत नाही. त्याच संगणकावर विंडोज मीडिया प्लेअर किंवा सोनिकस्टेज उघडून वर सांगितल्याप्रमाणे ऑडिओ सीडी करावी. कोणत्या गाण्याला बर्न करण्याची मुभा आहे, हे दुकानाने दिलेल्या परवान्यावर ठरत असे, त्यामुळे काही गाणी अडतील. नॅपस्टर टू गो यासारख्या मासिक वर्गणीच्या सेवांतून घेतलेली गाणी भाड्याची होती. वर्गणी थांबली तेव्हाच ती बंद झाली.

मूळ संगणक उरला नसेल, तर वेळ न दवडता फाइलींच्या नावांची यादी करून ठेवावी आणि ती गाणी नव्याने, कुलपाविना घ्यावीत. फाइलमधले गायक, अल्बम, वर्ष ही माहिती कुलूपबंद गाण्यातही वाचता येते. कुलूप तोडण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअर इंटरनेटवर खूप आहेत. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने कुलूप ओलांडणे आणि तशी साधने पुरवणे यांवर निर्बंध घातले. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ क, म्हणजे इंग्रजीतले ६५ ए, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप ओलांडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद करते. शिवाय अशा सॉफ्टवेअरसोबत व्हायरस येण्याचा धोका वेगळाच. नवख्याने या वाटेला जाऊ नये.

जुन्या सीडींच्या गठ्ठ्यातही एक धोका असतो. २००५ मध्ये सोनी बीएमजीने काही सीडींवर एक्ससीपी नावाचे कॉपी रोखणारे सॉफ्टवेअर घातले होते, जे विंडोजमध्ये लपून बसत असे. संगणक-तज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी ते ऑक्टोबर २००५ मध्ये उघडकीस आणले आणि कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. त्या काळातली परदेशी सीडी संगणकात घालताना ती आपोआप सुरू होण्याची विंडोजमधली सोय बंद ठेवावी आणि सीडीवरचे कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये.

पायरी पाचवी : गाणे प्लेअरपर्यंत नीट पोहोचवा

कुलूप नाही, फॉरमॅटही बरोबर आहे, तरी गाणे दिसत नाही, अशी स्थिती आली की प्लेअर संगणकाशी कसा बोलतो ते पाहावे. आयपॉडची रीत वेगळी आहे. तो संगणकाला जोडल्यावर पेनड्राइव्हसारखा दिसू शकतो, पण त्यात नुसती कॉपी केलेली गाणी तो वाजवत नाही; आयट्यून्सने लिहिलेल्या यादीत गाणे असावे लागते. जुना आयपॉड नव्या संगणकाला जोडताना तर फार सावध राहावे. आयट्यून्स विचारते की हा आयपॉड दुसऱ्या संग्रहाशी जोडलेला आहे, तो पुसून नव्याने भरू का. येथे घाईने होकार दिला तर आयपॉडमधली गाणी जातात, आणि अनेक घरांत त्या गाण्यांची तीच एकमेव प्रत असते. नकार द्यावा. मग लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करून आयपॉडच्या ड्राइव्हमधल्या 'आयपॉड कंट्रोल' या फोल्डरातील 'म्युझिक' हा फोल्डर जसाच्या तसा संगणकावर कॉपी करावा. फाइलींची नावे चार अक्षरी आणि अर्थहीन दिसतील, पण आत टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाणे, गायक, अल्बम ही माहिती, शाबूत असतात, आणि आयट्यून्समध्ये किंवा फूबारमध्ये घेतल्यावर गाण्यांची नावे परत दिसतात.

इतर प्लेअर दोन पद्धतींनी जोडले जातात. एकात प्लेअर साध्या पेनड्राइव्हसारखा दिसतो. दुसरीला एमटीपी म्हणतात आणि ती विंडोज मीडिया प्लेअरसाठी बनवलेली होती. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिपसारख्या प्लेअरांत या दोहोंतून निवड करता येते. कुलूपबंद डब्ल्यूएमए गाण्याचा परवाना एमटीपीतूनच जात असे, त्यामुळे पेनड्राइव्ह पद्धतीने कॉपी केलेले गाणे दिसायचे पण वाजायचे नाही. आज आपली गाणी खुली असल्यामुळे पेनड्राइव्ह पद्धतच निवडावी. ती विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालते.

मेमरी कार्डाबाबत अनेकांची फसगत होते. स्वस्त प्लेअर आणि गाडीचे जुने स्टीरिओ बहुधा फॅट३२ या मांडणीचे, ३२ जीबीपर्यंतचे कार्डच ओळखतात. ६४ जीबीचे कार्ड दुकानातून येते तेच एक्सफॅट या वेगळ्या मांडणीचे, म्हणून ते अशा यंत्रांना दिसत नाही. प्लेअर नवीन असला तरी कार्ड घेण्यापूर्वी माहितीपत्रक वाचावे. गाणी भलत्याच क्रमाने वाजत असतील, तर तो प्लेअर नावाचा क्रम न पाहता कॉपी झालेल्या क्रमाने वाजवतो असे समजावे. फाइलींच्या नावांपुढे ०१, ०२ असे आकडे इंग्रजी अंकांत घालून एकेक फोल्डर क्रमाने कॉपी केल्यास हे दुरुस्त होते. आख्यान, कीर्तन किंवा नाटकाचे ध्वनिमुद्रण अनेक तुकड्यांत असते, तेव्हा याला फार महत्त्व येते. ख्यालाच्या मैफलीचे तुकडे असतील तर दोन तुकड्यांमध्ये पडणारी शांतता रसभंग करते. खंड न पाडता वाजवण्याची सोय असलेला प्लेअर निवडावा, किंवा तुकडे जोडून एकच फाइल करावी.

मराठी श्रोत्याला भेडसावणारी आणखी एक बाब म्हणजे देवनागरी नावे. जुन्या प्लेअरवर 'अभंग' या शब्दाच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात, कारण त्यांत देवनागरी फाँटच नसतो. फाइलला कुलूप नाही आणि ती बिघडलेलीही नाही. केवळ अक्षरे दिसत नाहीत. संग्रहाच्या मूळ प्रतीत नावे देवनागरीतच ठेवावीत, आणि अशा प्लेअरसाठी केलेल्या प्रतीत तेवढी रोमन अक्षरांत करावीत. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरने शेकडो फाइलींचे टॅग एका वेळी बदलता येतात. टॅग लिहिताना आयडी३ या टॅगच्या पद्धतीची २.३ ही आवृत्ती निवडावी, कारण जुन्या प्लेअरांना ती अधिक नीट वाचता येते. भावगीतांच्या संग्रहात गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकारही नोंदवावेत. परदेशी दुकानांच्या टॅगमध्ये ही माहिती बहुधा अपुरी असते आणि आपण भरली नाही तर ती कोणी भरणार नाही.

पायरी सहावी : नवे गाणे घेताना

भारतात फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे गाण्यांचे दुकान काढले होते. ते जून २०१३ मध्ये बंद झाले. मात्र तिथली गाणी कुलूप नसलेल्या एमपी३ स्वरूपात होती, त्यामुळे ज्यांनी ती उतरवून ठेवली, त्यांची गाणी आजही वाजतात. एमएसएन म्युझिकही बंद झाले आणि फ्लाइटही बंद झाले; ग्राहकाच्या हाती काय उरले, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुकान टिकेल की नाही हे आपल्या हातात नसते, पण कोणत्या प्रकारची फाइल घ्यावी हे असते. म्हणून पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: मला फाइल मिळणार आहे का, तिला कुलूप आहे का, आणि ती मी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर नेऊ शकतो का. आयट्यून्स स्टोअरवरचे विकत घेतलेले गाणे आणि बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावरचा एमपी३ किंवा फ्लॅक या कसोटीला उतरतात. घरातल्या साध्या ऑडिओ सीडीही उतरतात, आणि जुन्या मराठी संगीताच्या बाबतीत त्यांचे मोल विशेष आहे.

स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक, जिओसावन यांसारख्या सेवांमधले 'डाउनलोड' हे बटण नवख्यांना हमखास फसवते. तिथे उतरलेले गाणे त्या ॲपच्या आतच राहते, ते साध्या प्लेअरवर नेता येत नाही, आणि स्पॉटिफायवर तर तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते, नाहीतर डाउनलोड केलेली गाणी निघून जातात. नवी गाणी शोधण्यासाठी या सेवा उत्तम आहेत आणि त्या वापरू नयेत असे मी म्हणणार नाही. पण जे गाणे पुढच्या पिढीला द्यायचे आहे, ते केवळ वर्गणीच्या भरवशावर ठेवू नये.

पायरी सातवी : जपणूक आणि तपासणी

उघड्या झालेल्या फाइलींच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात आणि त्यांतली एक शक्य असल्यास दुसऱ्या घरी असावी. ज्यांचे कुलूप निघाले नाही, अशा एम४पी आणि डब्ल्यूएमए फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये, नावांच्या यादीसह ठेवाव्यात. खाते पुढे कधी परत मिळाले, तर त्या कामी येतील. खात्याचा ईमेल आणि पासवर्ड घरातल्या आणखी एका विश्वासू व्यक्तीला माहीत असावा.

काम पुरे झाले असे वाटले की एक चाचणी घ्यावी. ज्या संगणकावर कोणतेही दुकानाचे खाते उघडलेले नाही, तिथे इंटरनेट बंद करून ती हार्ड डिस्क जोडावी, आणि व्हीएलसीमध्ये प्रत्येक अल्बममधले निदान एक गाणे वाजवून पाहावे. जे गाणे इथे वाजले, ते कुलपातून मोकळे झाले. जे वाजले नाही, त्याचे नाव यादीत लिहून पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करावी.